तापाची वाट

दिगंबर पवनचक्कीवरून पडला तेव्हा नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. डॉक्टर फरांद्यांनी जखम धुऊन पाय बांधला.

“आणि इंजेक्शन?” त्याच्या बायकोने, सुगंधाने विचारलं.

“जंतूंवर चालणारं एकच औषध उरलंय, ताई. जंतू त्यालाही सरावू नयेत म्हणून जखम चिघळल्याशिवाय ते द्यायला बंदी आहे.”

“पण चिघळू नये म्हणूनच देतात ना?”

“पूर्वी द्यायचे,” डॉक्टर खाली बघत म्हणाले.

तेव्हापासून सुगंधा नवऱ्याच्या कपाळाला सारखा हात लावून बघायची आणि देवाकडे ताप मागायची. एका सकाळी कपाळ चटका बसावा इतकं तापलं. ती हसतच धावली. “डॉक्टर, ताप आला!”

फरांद्यांनी औषध मागवलं, आणि नर्सला हळूच पाय कापायची तयारी ठेवायला सांगितली.