बॅटरी काढलेला बीकन

डोंबिवली एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये दक्षता बारा वर्षं छोट्या विमानांचे बीकन तपासत आली होती. विमान कोसळलं की हाच बीकन मदतीसाठी सिग्नल पाठवतो. उद्याच्या चाचणी उड्डाणाला मात्र साहेबांनी सहा महिन्यांपूर्वी आलेल्या संचिताला निवडलं. दक्षता सकाळपासून जळफळत होती.

दुपारी तिने टेबलावरच्या बीकनची बॅटरी काढली, तरी त्याचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर किंचाळतच राहिला. तिने हातातला अँटेना खोलीभर फिरवला. सिग्नल चहा पिणाऱ्या संचिताकडून येत होता. संचिता उठून खिडकीशी गेली, तर सिग्नलही तिकडे गेला.

"काय झालं, ताई? काही प्रॉब्लेम आहे का? उद्या उडायचंय मला."

दक्षताने तिच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रिसीव्हर बंद केला.

"काही नाही गं. बिनधास्त जा."