पॅनकेकचं छप्पर

ओहायोतल्या एका कॉलेजात पोरींच्या भगिनी मंडळाची शाखा होती. नव्या पोरीला जुनी सांभाळायची. जुनी ती थोरली, नवी ती धाकटी, नातं जन्माचं. त्यातल्याच लोरेननं चाळीस वर्षं दर शनिवारी पॅनकेक विकून मंडळाच्या घराच्या छपरासाठी डॉलर साठवले. आज तिचीच धाकटी, डॉटी, मंडळाच्या मुख्य कचेरीतून कुलूप घेऊन आली. "पोरी उरल्या नाहीत, थोरले. शाखा बंद, घर विकायचं." "आणि छपराचे पैसे?" "शाखेच्या खात्यातलं सगळं कचेरीचं." "अगं, माझ्याकडचे पैसे त्या खात्यात टाकायला तूच सांगितलंस ना गेल्या महिन्यात? सुरक्षित राहतील म्हणालीस!" "राहिले की," डॉटी खिडकीकडे बघत म्हणाली. लोरेननं स्वेटरवरची मंडळाची पिन काढून तिच्या तळहातावर ठेवली. "हे काय? पिन तर बहीण मेल्यावरच कचेरीत परत येते!" "ठाऊक आहे. लिही पावतीवर, तुझी थोरली आजच गेली."