डाव्या चाकाचं बेअरिंग

रहेमान मिस्त्रीने चाकाच्या हबची टोपी काढली. पस्तीस वर्षांत अशा हजारो टोप्या त्याने काढल्या होत्या. पण या ट्रकमध्ये त्याचा जावई अब्रार मेला होता.

ट्रक आज सकाळीच कळंबच्या त्याच्या गॅरेजात ओढून आणला होता. केबिनचा पार चुराडा झाला होता. डावं चाक मात्र शाबूत होतं, आणि सगळा प्रश्न त्या चाकाचाच होता. चाळीस दिवसांपूर्वी मुकुटबनच्या रस्त्यावर, भर दुपारी, सरळ सपाट जागी ट्रक डावीकडे गेला आणि पुलाच्या कठड्यावर आदळला. मागून येणाऱ्या हरिसिंग ड्रायव्हरने ते डोळ्यांनी पाहिलं. ब्रेक नाही, हॉर्न नाही. लोक म्हणाले, बेअरिंग जाम झालं असणार. आणि आदल्याच दिवशी त्या चाकात ग्रीस भरलं होतं खुद्द रहेमानने.

तेही हाताने नाही. बाकीचे मिस्त्री तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन त्यावर बेअरिंग दाबत बसतात. रहेमानने स्वतःचं जुगाड केलं होतं. लोखंडाच्या दोन जाड चकत्या, मधून पोकळ बोल्ट, वर ग्रीस आत सोडायचं निपल. मध्ये बेअरिंग आवळायचं आणि ग्रीसगन मारायची. मिनिटभरात रोलरा-रोलरातून ग्रीस बाहेर. ते पाहायला पार ढाणकीहून ड्रायव्हर यायचे आणि मिस्त्री उगाच मिशीतल्या मिशीत हसायचा. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. वाहवा करणारेच आता म्हणत होते, "हाताचं काम ते हाताचंच. त्या लोखंडाले काय समजते?" रहेमानलाही तेच वाटत होतं. आपणच आपल्या पोरीला विधवा केलं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

ती पोरगी, माहनूर, गॅरेजातून घरात जायच्या मागच्या दारात उभी होती. नवऱ्यामागची इद्दत चालू होती. तिने घराबाहेर पडायचं नव्हतं. पण हब उघडणार म्हटल्यावर तिने आईचं, हमीदाचं, काही ऐकलं नाही. तिला पाहून, ट्रकबरोबर आलेला हरिसिंग नजर खाली करून लांब जाऊन उभा राहिला.

रहेमानने बेअरिंग बाहेर काढलं. पाहिलं. मग चिंधीत गुंडाळून घट्ट धरलं.

"अब्बा," माहनूर जवळ येऊन म्हणाली, "त्या दिवशी मी फोनवर त्यायच्याशी भांडली. म्हटलं, मेले तरी चालन, पण घरी येऊ नका. फोन ठेवला अन् पाच मिनिटात हे झालं." तिचा आवाज पार कोरडा होता. "खरं सांगा. बेअरिंगच जाम झालतं ना?"

बाप गुन्हेगार निघावा म्हणून पोरगी जीव मुठीत धरून उभी होती. रहेमानला ते दिसलं.

"हो बेटा," तो म्हणाला. "सुकं खडखडीत हाय. माह्या जुगाडानं ग्रीस आत गेलंच नाही. अब्रारचा काही कसूर नव्हता. तुहा बी नाही. म्याच मारलं त्याले."

"हातानं भराले काय झालतं तुमाले?" माहनूरने बापाच्या छातीवर मुठी मारल्या. "काहून नाही भरलं?" ती मारत राहिली, तो उभा राहिला. मग ती तिथेच तेलकट जमिनीवर बसली आणि तिने हंबरडा फोडला. हमीदाने तिला कवेत धरून आत नेलं. जाताना तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रहेमानने आपलं जुगाड उचललं आणि भंगाराच्या ढिगात टाकून दिलं.

हरिसिंग जवळ आला. त्याने मिस्त्रीच्या हातातली चिंधी घेऊन उलगडली. बेअरिंगचे रोलर बोटाने फिरवले. ते बिनआवाज फिरले, आणि त्याची बोटं ग्रीसने माखली.

"मिस्त्री!" तो जवळजवळ ओरडलाच. "हे तर एकदम बराबर हाय! तुमची काहीच चूक..."

"हळू बोल, हरिसिंग," रहेमान म्हणाला. "चाळीस दिवसानं पोरगी आता कुठं रडून राह्यली."