सभेची चिठ्ठी

“मोठ्या बाई, आपली शाळा खरंच बंद होणार?”

विचारून टाकलं तिने एकदाचं. पैज मैत्रिणींनी लावली होती. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून तिचं नावच ‘तोफ’ पडलेलं, मग तोफ मागे कशी हटणार? दाराआड चौघी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी तिला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

होणार, त्या म्हणाल्या. नव्या वर्षी सगळ्यांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जावं लागेल. तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. दाराआड उभ्या चौघींतल्या चिमणीच्या वडिलांनी तर आधीच सांगून ठेवलेलं, एवढ्या लांब पोरीला धाडणार नाही, शिकली तेवढं पुरे.

“ठरवलं कुणी, बाई?”

“तुमच्या आई-वडिलांनी.”

महिन्यापूर्वी पालकांची सभा होती. निम्मे पालक जरी येऊन ‘नको’ म्हणाले असते, तरी शाळा समितीला शाळा बंद करता आली नसती, नियमच तसा. बाईंनी कपाटातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. ‘सूचना वाचली, हजर राहू’ असं छापलेलं, खाली पालकांची सही. सह्या दोनशे. आले अकराजण.

“तीस वर्षं याच वस्तीला नागरिकशास्त्र शिकवलं गं मी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

वरच्या चिठ्ठ्या तिच्याच वर्गाच्या होत्या. तिने ओळखल्या. शाळेतून आठवड्याला एक तरी चिठ्ठी यायची आणि घरी नेण्याची कटकट कुणालाच नको असायची. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग तिच्यापुढे रांग लावायचा. कुणाच्या वडिलांची लफ्फेदार सही, कुणाच्या आईचं किरटं अक्षर, सगळं तिच्या हातात बसलेलं. अडतीस चिठ्ठ्या तिने एका दमात उरकल्या होत्या. वाचली एकही नव्हती. बाकीच्या वर्गांतही असे कलाकार असणारच.

बाईंना तिने काही सांगितलं नाही. बाहेर मैत्रिणींनी घेरलं, तेव्हा तोफेने ‘होणार’ एवढंच सांगितलं आणि वाट काढली.

संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली होती. कामावरून आलेले बाबा हात पुसत म्हणाले, आपल्याला कोण विचारतंय, वरचे लोक ठरवून मोकळे होतात. आई म्हणाली, साधा निरोप आला असता, तर हातातलं शिवण टाकून गेले असते.

ती दारातच उभी होती. दप्तर अजून खांद्यावरच.

“निरोप आला होता, बाबा. तुमची सही मी ठोकली. वर्गातल्या सगळ्यांच्या घरची मीच.” आईचं मशीन थांबलं. “अडतीसही घरी जाऊन हे सांगायचं ठरवलंय मी. हे पहिलं घर.”