ताईची बंदूक

दवाखान्यातून फोन आला आणि शिंप्याला कळलं की बायको गेली. त्याने मेहुण्याला कळवलं. मेहुणा फोनवर ढसाढसा रडला. मग नाक शिंकरून म्हणाला, "दाजी, मी येईपर्यंत बंदुकीला हात लावू नका."

बंदूक ठासणीची होती. तोंडातून दारू घालायची आणि गजाने ठासायची, अशी जुनी. सासऱ्यांच्या मागे ती बायकोकडे आली आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर बसली. दर आठवड्याला बायको तिच्या लाकडाला तेल चोळायची. शिंप्याने जवळही फिरकायचं नव्हतं. "भरलेली आहे," ती म्हणायची. "उडाली तर मी विधवा आणि तुम्ही बातमी."

आता शिंप्याला ती बंदूक हवी होती. बायकोचे कपडे भाच्यांनी वाटून नेले होते. तिच्या हातचं तेल तेवढं त्या लाकडावर उरलं होतं.

मेहुण्याचं म्हणणं वेगळं होतं. "आमच्या घराण्याचं शस्त्र आहे, दाजी. तुम्ही सुईपेक्षा मोठं हत्यार कधी धरलंय का? दुरुस्त करून घेऊ आणि मी घेऊन जातो."

भांडण शिंप्याला कधी जमलंच नव्हतं. ते खातं बायकोकडे होतं.

दोघे बंदूक घेऊन कारागिराकडे गेले. कारागिराने गज नळीत सोडला, तोंडापाशी शिंप्याच्याच खडूने खूण केली आणि गज बाहेर काढून नळीला लावून पाहिला. नळी लांब निघाली. गज तळापासून चांगला हातभर वरच अडला होता.

"आत माल आहे," कारागीर म्हणाला. "आणि कुणीतरी सढळ हाताने भरलाय."

"मी दारावर लक्ष ठेवतो," असं म्हणून मेहुणा लोखंडी कपाटामागे गेला. तिथून दार दिसत नव्हतं.

कारागिराने दारू भिजावी म्हणून नळीत पाणी ओतलं. मग गजाला मळसूत्र लावून तो आत फिरवू लागला. शिंप्याने डोळे मिटले. आधी उशीच्या अभ्र्याची चिंधी आली. मग दुसरी. कारागिराने नळी उलटी करून ठोकली, तशी पाण्याबरोबर एक बासरी घरंगळत टेबलावर आली.

शिंप्याने ती लगेच ओळखली. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी हरवलेली त्याचीच बासरी. बायको त्याच्याबरोबर पलंगाखाली वाकून ती शोधत होती. शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर आळ घेऊन तिने त्या घराशी वर्षभर अबोला धरला होता.

"वाजते का?" कारागिराने विचारलं.

शिंप्याने बासरी झटकली, पुसली आणि ओठांना लावली. त्याला एकच गाणं येत होतं, त्यातलंही सुरुवातीचं. तेवढं त्याने मन लावून वाजवलं. मग पुन्हा वाजवलं.

मेहुणा कानांवर हात ठेवून कपाटामागून बाहेर आला. "अच्छा. ताई इतकी वर्षं याचा पहारा करत होती तर."

"हात बसला नाही अजून," शिंपी म्हणाला. "रोज बसलो की येईल. तुमच्याकडे बंदूक बघायला आलो की तिथेही वाजवीन."

मेहुण्याने कानांवरचे हात काढून जोडले. "बंदूक तुम्हीच ठेवा, दाजी. आणि बासरी ताईने ठेवली होती तिथेच ठेवा."

तो घाईने निघून गेला. कारागिराने गज पुन्हा आत सोडला आणि भुवया उंचावल्या. "अजून चार बोटं कमी भरतंय. आणखी काहीतरी आहे तळाला. काढू?"

शिंपी मनातल्या मनात घर धुंडाळू लागला. माउथ ऑर्गन? मिशीचा कलप? मागे कधीतरी हरवलेली शिट्टी? त्याला हसू आलं. ते तोंडावर फार वेळ टिकलं नाही.

"नको," तो म्हणाला. "एवढ्यात नको."

"मग घोडा काढून ठेवतो. म्हणजे उडायची भीती नाही."

बंदूक आता परत भिंतीवर आहे. गंज गेला, पितळ चकाकतं, लाकडाला दर आठवड्याला तेल लागतं. नळीची तळाची चार बोटं तेवढी साफ करायची राहिली आहेत.