अस्सल इंग्रज

सासरी ही इंग्रजीतून एक वाक्य बोलली, की मोठ्या जाऊबाई तोंडाला रुमाल लावून हसायच्या. मग नवऱ्याची परदेशी बदली झाली. तिथल्या शाळेला इंग्रजीच्या बाई हव्याच होत्या आणि वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी हिची वर्णी लागली. तीन वर्षांत हिचा असा दबदबा झाला, की मुलांचे आईबाप रस्ता ओलांडून हिच्याशी बोलायला यायचे.

एके दिवशी हेडमास्तर चक्क एका अस्सल इंग्रज पाहुण्याला वर्गात घेऊन आले.

पाहुण्याने मुलांना विचारलं, "आज वार कोणता?"

"वेड-नेस-डे!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"वेन्झडे," पाहुणा हळूच म्हणाला. मुलं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. ही भिंतीला टेकून घाम पुसत राहिली. आता नोकरी गेलीच म्हणायची!

पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवून हेडमास्तर परत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले,



"बाई, माणूस भला आहे हो, पण उच्चार फारच कच्चे. तुमच्याकडे शिकवणीला पाठवू का?"