राज्य दादावर

दादाचा कॉम्प्युटर रडतखडत चालत होता. तो आता दादाच्या नातीकडे जायचा होता, म्हणून धाकटा भाऊ बाह्या सरसावून त्याच्यापुढे बसला. शेजारी ताई दादाच्या स्वेटरांच्या घड्या करत होती. दादा जाऊन महिना उलटला होता. दोघं भेटायची, पण बोलायची ती फक्त कामाचं.

“कॅश साफ करावी लागेल,” तो म्हणाला.

“कॅश? दादाच्या खिशात कधी दमडी टिकली का?”

“पैसे नव्हेत गं! आपण नेटवर जे बघतो ना, त्यातलं थोडं हे मशीन गुपचूप दडवून ठेवतं. परत लागलं तर हाताशी असावं म्हणून.”

ताईचे हात थांबले. जन्मभर शाळेत फ्रेंच शिकवलेली बाई ती.

“दडवून? अरे, मग हा तर आमचाच शब्द! काशे म्हणजे लपवणं. लपाछपीला तिकडची पोरं काश-काश म्हणतात. आणि त्याच्याही मागे लॅटिन. तिथे अर्थ निराळा, दाटीवाटीनं एकत्र कोंबणं.”

“मग दोन्ही आपलेच की!” धाकटा हसला. “कपाटामागे लपायचो आणि चेंगरायचोही. तुझं कोपर माझ्या बरगडीत, वेणी नाकात. आणि राज्य कायम दादावर. घर पालथं घालायचा बिचारा, पण आपण एकदाही सापडलो नाही!”

चार माणसं जमली की तो हे सांगायचाच. दादा खाली मान घालून हसायचा.

ताईने स्वेटर मांडीवर ठेवला.

“सापडायचो रे. दर वेळी. तू डोळे गच्च मिटून बसायचास. दादा आधी तिथंच यायचा, फटीतून माझ्याकडे बघायचा आणि ओठांवर बोट ठेवायचा. मग ‘कुठं गेली बरं ही दोघं?’ असं ओरडत घरभर फिरायचा.”

धाकटा पडद्याकडे बघत राहिला. बाण बटणावर येऊन थांबला होता, बोट मात्र हलेना.

“आणि मी त्याला जन्मभर आंधळा म्हणून चिडवलं,” तो कसाबसा म्हणाला. “तू एकदा तरी सांगायचंस, ताई.”

“कशी सांगणार? त्यानं ओठांवर ठेवलेलं बोट कधी काढलंच नाही.”